कॉलर आणि मधली वाद्यं

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी दिसेना, आणि दोरीवरचे कपडे काही केल्या वाळायचं नाव घेईनात. अशा हवेत इस्त्रीवाला वैतागतो. मास्तर मात्र खुशीत होता. कापडात मुळातच ओल असली की पाणी कमी शिंपडावं लागतं, आणि यात म्हणे आयुष्याचा एक धडा होता. तो कोणता, हे त्यानं सकाळी सातलाच दूधवाल्याला अडवून सांगितलं. दूधवाल्यानं ते एक पाय पॅडलवर ठेवून ऐकलं, यावरून काय ते समजा.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हता. दहावीला दोनदा आपटून तो बापाच्या इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहिला, तो तीस वर्षं तिथंच. पण फळीवरच्या रेडिओला जे गाणं लागेल त्यातून तो बोध काढायचा आणि कपड्यांच्या गठ्ठ्याबरोबर फुकट वाटायचा, म्हणून गल्लीनंच त्याला मास्तर करून टाकलं. नावाड्याचं गाणं लागलं की बँकेतल्या कारकुनाला तो धीर धरायला सांगे. कारकुनाला फक्त त्याची पँट हवी असे.

गाण्यांनी त्याला कायम हात दिला होता, हे तोच सांगायचा. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा एका विरहाच्या गाण्यानं सावरलं. दुसऱ्यांदाही त्याच गाण्यानं सावरलं, त्यामुळे मधल्या काळात अभ्यास करायची वेळ आली नाही. मुलगी बघून आल्यावर रेडिओवर जे पहिलं गाणं लागेल तो देवाचा कौल, असं त्यानं ठरवलं होतं. गाणं लागलं दगाबाज बाईचं. त्यानं रेडिओ बंद करून पुन्हा लावला. ही हकीकत त्यानं लग्नानंतर मोठ्या कौतुकानं बायकोला सांगितली. तिनं ती चोवीस वर्षं नीट घडी घालून ठेवली आहे, लागेल तेव्हा काढते.

हाताला घड्याळ त्यानं कधी बांधलं नाही. कामाचं माप म्हणजे गाणं. धृपदात शर्टाची पाठ, पहिल्या कडव्यात बाह्या. कॉलर जाड, आत कडक कापड. ती ओली करायची, तिच्यावर इस्त्री नुसती ठेवायची आणि दोन कडव्यांच्या मधली वाद्यं थांबेपर्यंत हलवायची नाही. वाद्यं थांबली की उचलायची. कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी.

त्या दिवशी टेबलावर शर्ट होता मुलीचा. मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरची जागा, अकराला मुलाखत, पांढरा शर्ट सक्तीचा. पांढरा शर्ट घरात एकच. आधीच्या दोन मुलाखती हातच्या गेल्या होत्या, आणि ही गेली तर मुलीनं मावशीच्या गावी जाऊन तिथल्या गोदामात लागायचं ठरवलं होतं. बॅग अर्धी भरून झाली होती.

“बाबा, नुसती इस्त्री करा,” ती म्हणाली. “गाणं नको.”

“गाणं तुला कुठं आडवं येतंय?”

“मागच्या वेळी गाण्यातून काढून सांगितलंत, संकटात हसत राहायचं. मी हसत राहिले. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी नाही का?”

मास्तरनं हे मनावर घेतलं नाही. ऐकून न घेण्याची कला त्याला कुठल्या गाण्यानं शिकवली कोण जाणे.

आणि नेमकं लागलं ते त्याचं सर्वांत लाडकं गाणं. धृपदात पाठ झाली, कडव्यात बाह्या झाल्या. कॉलरवर इस्त्री ठेवून त्यानं डोळे मिटले. बासरी वाजली. बासरी संपून कडवं यायला हवं होतं, तर ढोल सुरू झाले. रेडिओवाल्यांनी गाण्याचा नवा अवतार लावला होता आणि त्यात मधेच कुणी तरुण एक-दोन-तीन-चार ओरडून पुन्हा ढोलांना सोडत होता. मास्तर थांबला. वाद्यं संपायच्या आत इस्त्री उचलायची नाही, हा तीस वर्षांचा नेम. उलट त्याला वाटलं, बघा, सबुरीची परीक्षा.

“अहो, काय जळतंय?” आतल्या खोलीत बायको मशीनवर कुणाच्या तरी पँटची चेन बदलत होती, ती तशीच उठून आली.

कॉलरवर इस्त्रीच्या नाकाचा तपकिरी ठसा उमटला होता. मुलगी आली, बघितलं आणि अर्ध्या भरलेल्या बॅगेकडे वळली. ती ओरडली असती तर मास्तरला बरं वाटलं असतं.

“या गाण्याचं...” त्यानं सुरुवात केली.

“रेडिओ बंद करा आधी,” बायको म्हणाली. “आणि तोंडही.”

साडेनऊ झाले होते, सव्वादहाची बस. बायकोनं ब्लेड घेतलं, कॉलरची शिवण उसवली, बोटानं चाचपून बघितलं. खालची बाजू पांढरी स्वच्छ होती. तिनं कॉलर उलटवली, डागाची बाजू खाली घातली आणि मशीनवर टीप मारली. पंधरा मिनिटांत, एकही बोध न करता.

“घ्या, फिरवा इस्त्री. दहा मोजायचे आणि उचलायची. मोठ्यानं मोजा, मला ऐकू आलं पाहिजे.”

आणि मास्तर, ज्यानं अर्ध्या गल्लीला जगायला शिकवलं, तो टेबलाशी उभा राहून पहिलीतल्या पोरासारखे अंक म्हणायला लागला. गठ्ठा घ्यायला आलेला कारकून दारातच थांबला. इतक्या वर्षांत मास्तरचं बोलणं त्याला पहिल्यांदाच पूर्ण पटत होतं.

मुलगी निघाली. मास्तरच्या ओठांवर किमान चार गाणी आली. बायकोनं नुसतं बघितलं. त्यानं चारही गिळली.

“स्वेटर घालून जा,” तो म्हणाला. “धुकं आहे.”

मुलगी संशयानं वळली. “हे कुठल्या गाण्यातलं?”

“कुठल्याच नाही. गार आहे बाहेर.”

तिनं खुंटीवरचा स्वेटर घेतला आणि गेली.

एकच्या सुमाराला फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर टाकला.

“सोमवारपासून ये म्हणालेत.”

“आणि कॉलर?” मास्तरनं घाईनं विचारलं. “कॉलर कशी दिसली?”

“बाबा, त्या खोलीत एवढ्या थंडीत एसी लावलेला. मी स्वेटर काढलाच नाही. कॉलर आत आणि गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते. सगळेच तसे बसले होते.”

फोन बंद झाला. आत बायकोनं अर्धी भरलेली बॅग उघडून कपडे पुन्हा फळीवर लावायला घेतले. मास्तर रिकाम्या हातानं उभा राहिला. फसलेली इस्त्री, उलटलेली कॉलर, वर स्वेटर. यातून इतके धडे निघत होते की कुठून सुरू करावं कळेना. त्यानं घसा खाकरला.

“अहो,” आतून आवाज आला, “लॉजच्या उशांचे अभ्रे चारपर्यंत द्यायचेत ना?”

त्यानं वरचा अभ्रा उचलला, झटकून टेबलावर पसरला, पाणी शिंपडलं. रेडिओकडे एकदा बघितलं. मग इस्त्री ठेवली आणि मोठ्यानं म्हणाला, “एक.”