मरम्मत समितीची पहिली सेक्रेटरी

बंद पडलेली कुठलीही वस्तू समोर आली की ती आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची, कान जवळ नेऊन ऐकायची आणि मगच सांगायची, "अभी ज़िंदा है." पंखा असो, रेडिओ असो, गजराचं घड्याळ असो. एकदा भर तासाला डुलक्या काढणाऱ्या मैत्रिणीच्या डोक्यावरही तिनं अशीच टकटक करून हाच निकाल दिला होता. प्राध्यापिकाबाईंनासुद्धा हसू आवरलं नव्हतं.

मला लखनौला येऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. वडील रेल्वेत इंजिनिअर. त्यांची बदली झाली आणि साताऱ्याहून उचलून मला इथल्या मुलींच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसवलं गेलं. माझं हिंदी सिनेमातलं, लखनौचं नव्हे. इथं रिक्षावाला 'आप' म्हणायचा आणि मी प्राध्यापिकेला 'तुम' म्हणून मोकळी झाले होते. त्यामुळे मी गप्पच असायची. एक दिवस सायकल-स्टँडवर माझ्या सायकलची साखळी उतरली. मी तिथंच बसकण मारली आणि "आई गं, आता काय करू" असं पुटपुटले, तर मागून आवाज आला, "मराठी है क्या?"

ती तिसऱ्या वर्षाला होती, विषय फिजिक्स. वडील मूळचे वर्ध्याकडचे, बँकेत नोकरीला. वीसेक वर्षांपूर्वी इथं आले ते तेलीबागेत घर करून इथलेच झाले. ती जन्मली इथंच. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं.

"समजते मला पूरा. बोलते थोडं थोडं. हँसना मत," असं म्हणत तिनं दोन बोटं काळी करून साखळी चढवली आणि तीच बोटं माझ्या ओढणीला पुसली. मग जीभ चावली. त्या दिवसापासून ती माझी दीदी झाली.

आता ते दुरुस्तीचं प्रकरण सांगते. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये पुरुषाला प्रवेश नव्हता. हे तुम्हाला ठाऊक असेलच, सगळीकडे असंच असतं. पण त्याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही. पंखा बंद पडला तर मिस्त्रीही आत येऊ शकत नसे. तो फक्त गुरुवारी यायचा, वॉर्डनबाई स्वतः शेजारी उभ्या राहायच्या आणि तासाभरात त्याला बाहेर काढायच्या. ऑगस्टचा चिकट उकाडा, वीज सारखी खालीवर होणारी, आणि शुक्रवारी बिघडलेला पंखा पुढच्या गुरुवारपर्यंत मेलेला. मग मुली टेबलफॅन ओढणीत गुंडाळून सायकल-स्टँडवर आणायच्या. कडुनिंबाखाली दीदी पिशवीतून पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढायची.

एक दिवस वॉर्डनबाईंनी पाहिलं. "ये कॉलेज है या मिस्त्री की दुकान?" म्हणत त्यांनी पेचकस जप्त केला.

दुसरी एखादी मुलगी रडली असती, नाही तर लपूनछपून पुन्हा सुरू झाली असती. ही सरळ प्रिन्सिपलबाईंकडे गेली. गाण्याची, वादविवादाची, भरतकामाची मंडळं कॉलेजात होती, तसं दुरुस्तीचं का नसावं, असं तिनं विचारलं. नियम कळला: वीस मुलींच्या सह्या, जबाबदारी घेणारी एक प्राध्यापिका आणि लेखी अर्ज. तोवर कडुनिंबाखालचं काम चालू ठेवायची परवानगी आणि पेचकस, दोन्ही ती घेऊन आली.

अर्ज तिनं त्याच दुपारी लिहिला. नाव ठेवलं 'मरम्मत समिति'. हिंदीत कुणाला चांगलं बदडून काढण्यालाही मरम्मतच म्हणतात. प्रिन्सिपलबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "लड़कियाँ किसकी मरम्मत करेंगी?"

"जो बिगड़ा हो, मैडम," ही म्हणाली.

खरी अडचण सह्यांची होती. पंखा दुरुस्त करून हवा होता सगळ्यांना, सही कुणालाच द्यायची नव्हती. घरी कळलं तर? एकीचं लग्न ठरत होतं. ती हात जोडून म्हणाली, "दीदी, लोग कहेंगे लड़की मिस्त्री है." दोन आठवड्यांत आमच्याकडे चार सह्या, त्यातली एक माझी.

दीदीनं कुणाला समजावलं नाही. तिनं फक्त दुरुस्तीची पद्धत बदलली. कुणी पंखा आणला की म्हणायची, "ठीक हो जाएगा, पर पेंच तुम खोलोगी." ती मुलगी घाबरत एक स्क्रू काढायची, मग दुसरा. आतली काळी झालेली तार बघायची, पॉलिश पेपरनं घासायची, जोडायची. आपल्या हातानं जोडलेला पंखा गरगर फिरला की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला अजून दिसतं. त्याच क्षणी दीदी अर्ज पुढे सरकवायची. लग्न ठरलेल्या मुलीनं सतरावी सही केली, पूर्ण नाव, ठळक अक्षरात.

प्राध्यापिका मिळणं त्याहून कठीण गेलं. फिजिक्सच्या मॅडम निवृत्तीला आलेल्या, भित्र्या. "कोई लड़की जल गई तो?" एवढाच त्यांचा प्रश्न. दीदीनं वाद घातला नाही, उघडलेली मोटर त्यांच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी ती जवळ ओढली. मग तांब्याच्या वेटोळ्यावर हलकेच बोट फिरवून म्हणाल्या, "तीस साल से बोर्ड पर बना रही हूँ. हाथ में आज ली है." आणि त्यांनी सही केली.

समिती सुरू झाली. प्रयोगशाळेमागची एक खोली मिळाली, दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोन तास. दीदी सेक्रेटरी. तिचे नियम कडक होते. काम सुरू करण्याआधी प्लग काढून सगळ्यांना दिसेल असा मेजावर ठेवायचा. दुरुस्त झालेली वस्तू दुसऱ्या कुणीतरी टेस्टर लावून तपासल्याशिवाय परत द्यायची नाही. मी हे सगळं वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं. आणि मोडलं तेही मीच.

जानेवारीतला शनिवार. साताऱ्याहून काका-काकू यायचे होते, मला स्टेशनवर जायची घाई. एका इस्त्रीचा प्लग मी बसवला, तारेला टेप गुंडाळली. लाल तार हिरवीच्या जागी गेली, हिरवी लालच्या; म्हणजे वीज थेट इस्त्रीच्या पत्र्यात. कुणाला तपासायला न देता मी ती तयार वस्तूंच्या फळीवर ठेवली आणि सायकल काढली. संध्याकाळी हॉस्टेलच्या एका मुलीनं ती लावली. तिला झटका बसला, इस्त्री हातातून निसटून मनगटावर पडली. जीव वाचला, पण हात चांगलाच भाजला.

सोमवारी प्रिन्सिपलबाईंनी समितीच्या सगळ्यांना बोलावलं. "किसने जोड़ा था ये?" त्यांनी विचारलं. पुढं होऊन "मीच" म्हणायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. ते दोन सेकंद मी जमिनीकडे बघण्यात घालवले.

"मैंने," दीदी म्हणाली.

निकाल असा लागला: समिती चालू राहील, पण मॅडमच्या डोळ्यांदेखत, आणि ही मुलगी तिची सदस्य राहणार नाही. रजिस्टरातल्या तिच्या नावावर तिथल्या तिथं रेघ मारली गेली.

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी कबुलीजबाब लिहिला आणि कॉलेज उघडायच्या आधीच ऑफिसच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. दीदी तिथं आधीच बसली होती, भुईमुगाच्या शेंगा सोलत. तिनं हात पुढं केला, कागद घेतला, शांतपणे वाचला.

"'ज़िम्मेदारी' में मात्रा गलत है," ती म्हणाली, कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

"तुला माहीत होतं?"

"टेप देखी थी. तू ऐसे लपेटती है जैसे बच्चे के पैर पर पट्टी."

मी रडायला लागले. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "रडू नको. मी काय देवी नाही. गुस्सा खूप आला मला तुझा. पण मी तर मार्चनंतर जाणारच ना? तुझी दोन वर्षं बाकी. तुला काढलं तर चालवणार कोण? आणि आता तू चुकणार नाहीस. बाकी के चूक सकते हैं, तू नहीं." एवढं सलग मराठी तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं मला त्या भाजलेल्या मुलीच्या खोलीवर पाठवलं. "उसको सच बोल. उसका हक़ है." मी गेले, सांगितलं. ती मुलगी दोन महिने माझ्याशी बोलली नाही, आणि ते योग्यच होतं.

दीदी त्यानंतर त्या खोलीत आली नाही. बुधवारी, शनिवारी खिडकीवरून सायकल हातात धरून जायची, आत बघायची नाही.

तिची परीक्षा संपली त्या आठवड्यात, एका शनिवारी, ती दारात उभी दिसली. हातात घरचा मिक्सर. पाच मुली रांगेत होत्या, ती सहावी उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा मेजापाशी समितीत नवीनच आलेली एक मुलगी होती, हिला न ओळखणारी. तिनं मिक्सर उलटा केला, तार ओढून बघितली आणि मोठ्या मायेनं समजावलं, "दीदी, घर पर खुद मत खोलिएगा. करंट लग सकता है. बुधवार को ले जाइए."

"जी, अच्छा," दीदी म्हणाली. चिठ्ठी घेतली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली.

बुधवारी ती आली नाही, तिची आई आली.

"ती गेली गं काल नागपूरला, मामाकडे," त्या म्हणाल्या. "तिकडं मोटरी बनवायचा कारखाना आहे, तिथं शिकाऊ म्हणून लागलीय. पंधरा दिवस बाबांशी अबोला होता. शेवटी त्यांनीच तिकीट काढून आणलं."

मी मिक्सर त्यांच्या हातात दिला. आतली एक तार सुटली होती, असं सांगितलं. दोघींनी तपासलाय, असंही सांगितलं.

त्या हसल्या. "बिघडला नव्हताच तो. शुक्रवारी दुपारी तिनंच उघडून तार काढली. मी ओरडले, अगं चालता मिक्सर कशाला मोडतेस? तर म्हणते, 'आई, देखना है लड़कियाँ पकड़ती हैं कि नहीं.'"

मिक्सर काखेत धरून त्या फाटकाबाहेर रिक्षा बघायला गेल्या. खोलीत तीन पंखे आणि एक रेडिओ वाट बघत होते. मी आत येऊन पहिला पंखा पुढं ओढला.