गोरेकाकांचं लखनौ

गोरेकाका कुणालाही लखनौला न्यायच्या आधी स्वतः एकटे जाऊन सगळं चाखून यायचे. आठवडाभर आधी, रेल्वेच्या साध्या डब्यातून, त्याच वारी आणि त्याच वेळेला. शनिवारी सकाळी सातला तिथल्या चौक बाजारात मक्खन मलाई खायची असेल, तर आधीच्या शनिवारी सातला काका मफलर गुंडाळून तिथं उभे. "ऊन चढलं की ती वितळते हो," ते म्हणायचे. "दहाला नेलंत तर लोकांना नुसतं गोड दूध पाजाल." स्वतः जन्माचे शाकाहारी, पण फौजी मंडळींसाठी कबाबाच्या दुकानासमोर तासभर थांबायचे. "मी खात नाही, पण खाणाऱ्यांची तोंडं बघून आलोय. दुसऱ्यांदा मागतात."

परत आले की पाठकोऱ्या कागदावर दोन दिवसांचा बेत उतरायचा. खस्ता कचोरी कुठली, चाट कुठली, इमामबाड्यात कुठल्या पायऱ्या उंच आहेत, कुठं म्हाताऱ्यांना टेकायला ओटा आहे, सगळं त्यात. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं. झाशीतलं आमचं मंडळ म्हणजे पेशव्यांच्या काळापासून इथं राहिलेली काही घरं, आणि छावणीत नाहीतर जवळच्या बबीन्याला बदलून आलेले मराठी फौजी. वर्षातून एकदा ही सगळी मंडळी एका बसमध्ये बसायची, ती या कागदामुळे.

गेल्या महिन्यात काका गेले. शोकसभेत आमचे सेक्रेटरी म्हणाले, "काका शेवटपर्यंत सहलींना आनंदाने येत राहिले." मी खुर्चीतून उठून बाहेर आलो. थांबलो असतो तर माईक हिसकावला असता. त्यांच्या शेवटच्या सहलीत आनंद किती होता, ते मला ठाऊक आहे. तो मीच घालवला होता.

बस माझी. चिरगावच्या बस अड्ड्यावर दुसऱ्यांच्या गाड्या धूत मी सुरुवात केली. आज इलाइट चौराह्यावर माझं ऑफिस आहे. भाव पाडल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही. त्या सहलीच्या वेळी लखनौच्या एका नव्या हॉटेलवाल्याला मी फोनवर असा पिळला, की खोल्या, तिन्ही वेळचा बफे आणि रविवारी दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये कथक, सगळं एकत्र मिळालं. मंडळाच्या बैठकीत मी ते छाती फुगवून सांगितलं. सेक्रेटरी खूश. "वा, दत्ता भैया! म्हणजे गल्लीबोळांत भटकायला नको."

काकांनी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बाकी सगळं जाऊ द्या. फक्त रविवारचा चारचा चहा ठेवा."

"चहा हॉटेलात फुकट आहे, काका."

"चहा निमित्त आहे हो. चौकात शमीम आपा म्हणून बाई आहेत. ठुमरी गातात. आता वय झालंय, कुणी बोलावत नाही. मागच्या रविवारी जाऊन सांगून आलोय, झाशीची माणसं ऐकायला येतील म्हणून. शब्द दिलाय."

"घेतात किती?"

"काही नाही. ऐकणारे हवेत, एवढंच म्हणाल्या."

"मग झालं!" मी म्हणालो. "जे फुकट देतात ते खपत नसलेलं असतं, काका. तीस वर्षं धंदा करतोय."

लोक हसले. हसणं हाच कौल झाला. हात वर करायचीही गरज पडली नाही. काका माझ्याकडे बघत राहिले, वाद घालणाऱ्या माणसासारखे नाहीत, रस्ता ओलांडण्याआधी थांबलेल्या माणसासारखे. मला वाटलं, आता बोलतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. ते म्हणाले, "बरं."

रविवारी चारला कथक सुरू झालं. टेपवरच्या गाण्यावर दोन मुली नाचत होत्या आणि मागं वेटर भजी फिरवत होते. काकांची खुर्ची रिकामी दिसली तेव्हा माझं डोकं फिरलं. पाचला बस निघायची होती. शहात्तर वर्षांचा माणूस, न सांगता गेला! ई-रिक्षा करून मी चौकात पोहोचलो आणि पानवाल्याला शमीम आपांचं घर विचारत, मनातल्या मनात काकांना शिव्या घालत, एका अरुंद जिन्याने वर चढलो.

खोलीभर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. भिंतीलगत ओळीने लोड. बहुतेक शेजारपाजारच्या घरांतून आणलेले, कारण कुठलेही दोन सारखे नव्हते. एका कोपऱ्यात कपांचा ढीग, वर फडकं झाकलेलं. मधोमध म्हाताऱ्या बाई पेटी पुढ्यात घेऊन गात होत्या, एक वाकलेला तबलजी साथ करत होता, आणि एवढ्या सगळ्या पांढऱ्या पसाऱ्यात समोर गोरेकाका, एकटे, मांडी घालून.

माझी चाहूल लागली तशा बाई थांबल्या. काकांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "देखिए आपा, आने लगे। मैंने कहा था न, रास्ते में हैं।"

या माणसाला खोटं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. शाळेच्या कचेरीत जन्मतारखेचा एक आकडा बदलला नाही म्हणून त्यांची बढती अडली होती, हे अख्ख्या झाशीला माहीत होतं. आणि इथं ते आमच्यासाठी खोटं बोलत होते. माझ्यासाठी.

"आइए भैया, बैठिए," बाई म्हणाल्या. "गर्म चाय बनती है, तब तक और लोग भी आ जाएँगे।"

मी बसलो. काय करणार? खिशात मोबाइल थरथरत होता, सेक्रेटरीचा फोन. बाईंचा आवाज वर जाताना फाटायचा, पण खाली उतरताना असा काही वळायचा की मी खिशातला फोन विसरलो. जिन्यात पाय वाजले की त्या दाराकडे बघायच्या. काकाही बघायचे, अगदी खरंच वाट बघत असल्यासारखे. कुणी आलं नाही. सहा वाजता बाईंनी स्वतःच पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाल्या, "ट्रैफिक बहुत है आजकल।" त्यांना सगळं कळलं होतं.

गल्लीत आल्यावर मी भडकलो. "काका, बैठकीत भांडला का नाहीत? टेबलावर हात आपटायचा होता! मला चार शब्द सुनावायचे होते!"

"भांडून आणलेली माणसं गाणं ऐकत नाहीत, दत्ताजी. घड्याळ बघतात."

हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. माणसाने भांडावं. समोरचा अडून बसला की मी भाव उतरवतो, हे माझ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. काकांना का माहीत नसावं? ते अडून बसले असते तर मी हरलो असतो, आणि त्या खोलीतले लोड रिकामे राहिले नसते. त्यांनी मला हरायची संधी दिली नाही, हा माझा त्यांच्यावरचा राग आहे, आणि तो ते गेल्यावर वाढलाच आहे.

हॉटेलसमोर बस भरून उभी होती. सेक्रेटरी दारातच. "काका, कमाल करता! तास उलटून गेला, मुलं रडतायत. जरा लोकांचा विचार करायचा!"

काका पायरी चढले, मधल्या वाटेत उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या बसला हात जोडले. "चूक झाली. माफ करा. माझ्यामुळे खोळंबा झाला."

कुणीतरी म्हणालं, "असू दे, असू दे." काका खिडकीशी जाऊन बसले. मी त्यांच्या मागंच उभा होतो. झाशीत टोलनाक्यापासून कचेरीपर्यंत ज्याच्या तोंडाला कुणी लागत नाही, तो मी. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ड्रायव्हरला म्हणालो, "चलो।"