गव्हाचा निरोप घ्यायला दिग्रसला

"तपासणी होईपर्यंत गहू अजिबात सोडायचा नाही. रोज खायचा," पोटाच्या डॉक्टरांनी इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की मला हसूच फुटलं. गेली दोन वर्षं जो भेटेल तो मला काय खाऊ नकोस हेच सांगत होता. तिखट नको, दूध नको, डाळ नको, टेन्शन नको. आणि आता हे!

आधी थोडं माझ्या पोटाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. जुलाब, तोंड येणं, चार जिने चढले की धाप. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हलेना. त्यात खाण्याचे झटके यायचे. डोहाळे लागल्यासारखे, पण डोहाळ्यांचं कारण काही नाही! पाव, खारी, टोस्ट दिसले की संपवायचे, आणि सगळ्यात भारी म्हणजे कच्चे तांदूळ. एका दुपारी सासूबाईंनी मला तांदळाच्या डब्यात हात घालताना पकडलं. "अगं, शिजवून देते की!" म्हणाल्या बिचाऱ्या. रक्त कमी झालं की काहींना अशी भलतीसलती वासना होते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

रक्ताच्या तपासणीत सिलिअ‍ॅकची शंका आली. म्हणजे गव्हात जे ग्लुटेन असतं त्यानं आतड्याला इजा होते. खात्री करायला दुर्बिणीची तपासणी, आणि तिच्या आधीच गहू बंद केला तर चित्र चुकीचं दिसू शकतं. खात्री झाली की मात्र गहू जन्मभरासाठी बंद.

तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. घरी येताना रिक्षात मी आधी रडले आणि मग एकदम ताठ बसले. दोन आठवडे! डॉक्टरांच्या परवानगीनं! नवरा म्हणाला, पाहिजे तो केक आण. मला केक नको होता. मला रोडगे हवे होते. कणकेचे, शेतात गोवऱ्यांवर भाजलेले, राख झटकून तुपात बुडवलेले. माझं लहानपण यवतमाळात गेलं. आईबाबा आता भावाकडे हैदराबादला असतात, पण दिग्रसला कमलआत्या आहे, आणि जानेवारीत रोडगे नाही झाले तर तो दिग्रसचा जानेवारीच नाही.

नवऱ्याला रजा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "मी येते. तुला एकटीला पाठवायची नाही." त्या चिपळूणच्या. भात हेच अन्न, बाकी सगळं तोंडी लावणं, असा त्यांचा साधा हिशेब. विदर्भ त्यांनी फक्त हवामानाच्या बातम्यांत पाहिला होता.

यवतमाळला जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून नागपूरकडे जाणारी, धामणगावला थांबणारी गाडी पकडावी. सकाळी धामणगावला उतरलं की स्टँडवरून यवतमाळची एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सासूबाई सुरुवातीपासूनच खूश. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जाऊन राह्यल्या आजी?" तर म्हणाल्या, "हिला खायला घालायला!" थंडी चांगलीच होती. खिडकीबाहेर तूर उभी होती, मध्येमध्ये कापसाची पांढरी शेतं. आणि मी पिशवीतून नानकटाई काढून खात होते. रीतसर, निर्लज्जपणे.

यवतमाळ स्टँडजवळच्या एका टपरीवर आमचा पहिला नाश्ता. तिथले तर्री पोहे म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा. सासूबाईंनी एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, नाक पुसलं आणि दुसरी प्लेट मागितली. मी समोसा घेतला, कचोरी घेतली, वर एक बालूशाही. दोघींचं मिळून दोनशेच्या आत भागलं. तासाभरानं पोट फुगलंच. साडीची निरी सैल करत मी दिग्रसच्या गाडीत बसले, तरी चेहऱ्यावरचं हसू जाईना.

दारव्ह्यामार्गे दिग्रसला दोनेक तास लागतात. रस्ता आता बरा आहे, अधूनमधून काम चालू असलेल्या ठिकाणी धूळ खावी लागते, एवढंच. दिग्रसच्या अलीकडे सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग लागलेली. कापसाचे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेले पाहून सासूबाई म्हणाल्या, "इथे झाडांनाही म्हातारपण येतं वाटतं."

कमलआत्या दारातच उभी होती. माझी आत्या काडीसारखी. मीही काडीसारखी. लहानपणापासून ऐकत आले, "ही पोरगी आत्यावर गेली." नाकावर, रंगावर आणि खाण्याच्या नखऱ्यांवर. आत्यालाही कुठलं अन्न कधी अंगी लागलं नाही. रक्त कमी म्हणून तिला दरवर्षी इंजेक्शनं.

"काहून वं मेघा, एवढी वाळली?" ती म्हणाली.

"आत्या, तू स्वतःला आरशात पाहिलंस का?"

दोघी इतक्या हसलो की शेजारीण बाहेर आली.

रात्रीच्या जेवणात पोळ्या फक्त आमच्यापुरत्या. आत्याच्या ताटात ज्वारीची भाकर. "मले गहू सोसत नाही बाप्पा. किती वर्षं झाले, सोडला." मी कान टवकारले. पण सकाळी पाहते तर चहाबरोबर ही बाई अर्धा पुडा बिस्किटं बुडवून खातेय.

"आत्या, तू गहू सोडलास ना?"

"हाव."

"मग ही बिस्किटं?"

"बिस्किट काय गहू असते का वं? थे तं दुकानातलं असते."

सासूबाईंना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले आणि आत्याकडे नव्या नजरेनं बघत राहिले.

दुसरा दिवस शेतातला. आत्याचा मुलगा सुधीरदादा आम्हा सगळ्यांना त्याच्या गाडीत कोंबून घेऊन गेला. रोडगे करायचं काम त्याच्याकडं. कणकेत ओवा, मीठ, तेलाचं मोहन. छोट्या पुऱ्या लाटायच्या, तेल लावून एकावर एक ठेवायच्या, वरून आणखी एक पारी गुंडाळून लाडूसारखा गोळा करायचा. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत. सासूबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे हे शेणींवर भाजणार?" दादा म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त खाऊन पाहा." काळ्या मातीच्या वांग्यांची भाजी, घट्ट वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. गोळा निघाला, राख पुसली, फोडला. आतून वाफ आणि पापुद्रे. त्यावर तूप.

मी पहिला घास घेतला आणि खरंच डोळे मिटले. इतकी वर्षं ज्याची आठवण काढत होते ते अगदी तसंच होतं, तसूभरही कमी नाही. तीन खाल्ले. सासूबाईंनी दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडं बोट दाखवलं. आत्या भाकर खात होती. मग म्हणाली, "एक तुकडा दे बरं." मग अजून एक. मग अख्खा रोडगा. "आज मेघा आली ना," असं स्वतःलाच सांगत तिनं दुसरा फोडला.

त्यानंतर जे झालं ते मी सगळ्यांना सांगत सुटले आहे, तेव्हा इथेही लिहिते. उन्हं कलायला लागली आणि माझ्या पोटात गडगडाट सुरू झाला. शेतावर संडास नाही. पाण्याची बाटली घेऊन मी तुरीत शिरले. तूर डोक्यापेक्षा उंच, देवाची कृपा. सासूबाई बांधावर छत्री उघडून पाठमोऱ्या पहाऱ्याला उभ्या. मी जरा आत जाऊन बसते न बसते तोच पलीकडच्या ओळीतून सळसळ.

"कोण हाय?" मी घाबरून ओरडले. घाबरले की माझी वऱ्हाडी बाहेर पडते.

"मी होय वं," आत्याचा आवाज आला. "तू बी?"

"मी बी."

मग मला जे हसू सुटलं! तिकडून आत्या खुसुखुसू हसायला लागली. बांधावरून सासूबाई, "काय झालं? साप आहे का?"

आणि त्या तुरीत, एकमेकींचं तोंड दिसत नसताना, आम्ही आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. तुझं तोंड येतं का? हाव, नेहमी. पाय दुखतात? रात्री लय. कच्चं काही खावंसं वाटतं का?

"माती," आत्या म्हणाली. "लग्न झाल्यावर चुलीची माती खायचो मी. सासूनं पाह्यलं तं मार खाल्ला. आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही."

माझं हसू थांबलं. मी म्हणाले, "आत्या, मी तांदूळ खायचे. डब्यातून चोरून."

"मंग आपण नखरेल नसू वं," ती म्हणाली. असं म्हणाली की जणू कुणीतरी तिला इतकी वर्षं अडवून धरलेला श्वास परत दिला.

हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, म्हणून संध्याकाळी मी तिला तपासणीचं म्हटलं तर तिनं साफ नकार दिला. "मले म्हातारीले आता कायले सुया टोचता?" मी समजावलं, दादानं समजावलं. ऐकेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, मेघाला जन्मभर वेगळ्या ताटावर बसावं लागेल. कुणीतरी सोबतीला असलं तर तिला एकटं वाटणार नाही."

आत्यानं सासूबाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "उद्या किती वाजताची गाडी हाय?" म्हणाली.

परतीच्या वाटेवर आम्ही तिघी यवतमाळला उतरलो. आत्याचं रक्त दिलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं: निकाल कळेपर्यंत बिस्किटं चालू ठेवा. आत्याला इतका आनंद झाला की बाहेर येताच तिनं आम्हा दोघींना कचोरी घेऊन दिली. माझी ती शेवटची कचोरी. निरोपाचं भाषण वगैरे काही सुचलं नाही. फार छान होती. बोटं चाटून संपवली.

पुण्यात आल्यावर तपासणी झाली आणि सिलिअ‍ॅकच निघाला. माझ्यानंतर काही दिवसांनी आत्याचा रिपोर्ट आला, मग तिचीही दुर्बीण झाली. तिचंही तेच. फोनवर ती आजारापेक्षा बिस्किटांवर जास्त चिडली होती.

ज्यांना असाच त्रास असून यवतमाळकडे जायचंय, त्यांना एवढंच: तिथं उपाशी राहावं लागत नाही. ज्वारीची भाकर आहे, झुणका आहे, तांदळात बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात आहे. फक्त भाकर पोळीच्याच परातीत थापली नाही ना, हे न लाजता विचारा, आणि हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा. आमच्या हिंगात मैदा निघाला तेव्हा सासूबाईंनी ती डबी अशी फेकली की मांजर पळालं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय, तपासणीआधी, मनानं गहू सोडू नका.

मला अजून बेकरीसमोरून जाताना पाय जड होतात. खोटं कशाला सांगू? पण तांदळाच्या डब्याकडं मी आता फक्त भात लावायला जाते. जिने चढते. पोट सपाट आहे. सासूबाईंनी ज्वारीची भाकर थापायला शिकून घेतलीय. कोकणातल्या त्यांच्या बहिणींना यावर विश्वास बसत नाही.

परवा आत्याचा फोन आला. मला वाटलं काही बिनसलं. इतकी ओरडत होती.

"मेघा! अवं माह्ये सारे ब्लाउज उसवाले लागून राह्यले! एक बी येत नाही अंगात!"

"अय्या, मग?"

"मंग काय? टेलरकडं बसली हाय. त्याले म्हणलं, आतून चांगली दोन बोटं जागा ठेव. मी अजून भरणार हाय."