जाळ्यातलं पळसाचं पान

आधीच सांगून ठेवते, भूत-प्रेत, करणी, नजर असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. घरी कोणी लिंबू-मिरची टांगली तर मीच काढून भाजीत टाकते. तरी हे लिहून राह्यली... कारण माझ्यावर खोटा आळ आला आहे, आणि तो मी का सहन करू? रागात लिहिताना आमची बोली मध्ये येईल. आली तर येऊ द्या.

मी भिंती रंगवते. चंद्रपुरात फिरलात तर पुलाखाली, शाळेच्या कंपाउंडवर, बसस्टँडजवळ वाघच वाघ दिसतील, त्यातले बरेचसे माझे. वाघ काढून काढून माझ्याच अंगावर पट्टे उमटतात की काय असं वाटायला लागलं होतं. अशात शहराबाहेरच्या छोट्या विमानतळावरून काम आलं – आतल्या मोठ्या भिंतीवर ‘इथलं जनजीवन’ काढा. मी मनात म्हटलं, चला बापा, एकदाचा माणूस काढायला भेटला!

माणूस कोण, ते शोधावं लागलं नाही. माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मूलजवळच्या आमच्या गावात तलावावर मासे धरतात. जाळं फेकायच्या आधी दोन्ही हात पसरून ते उभे राहतात ना, तेच मला काढायचं होतं. फोटो काढला, त्यांना सांगितलं. त्यांनी एकच गोष्ट मागितली.

“काढ पोरी, पण माह्या हातात रिकामं जाळं देऊ नोको.”

आता हे समजून घ्या. आमच्या घरी जाळं वाळत घालताना त्यात पळसाचं एखादं पान अडकवून ठेवतात. उघडं जाळं रिकामं ठेवलं, तर ते घरातलंच माणूस मागते, असं म्हणतात. खुळचट आहे, मलाही मान्य आहे. पण माणूस त्यांचा, जाळं त्यांचं... एक पान काढायला माझं काय जात होतं? जाळ्याच्या खालच्या कोपऱ्यात मी तळहाताएवढं हिरवं पान काढलं. मोठ्या बाबांना मोबाइलवर फोटो दाखवला तर ते खूश.

चित्र झालं आणि बाहेरून नेमलेले एक कलासल्लागार साहेब पाहायला आले. चित्राला चांगलं म्हणाले, मग पानावर बोट ठेवलं.

“मॅडम, हा कचरा काय आहे? क्लीन दिसायला हवं. काढून टाका.”

मी कारण सांगितलं. ते हसले – “अंधश्रद्धेला आपण भिंतीवर जागा द्यायची का?”

मी सरळ नाही म्हटलं. माझ्या पाठीमागे त्यांनी दुसऱ्याच कोणाकडून ते पान बुजवून घेतलं! मला कळलं ते उद्घाटनाचे फोटो गावाच्या ग्रुपवर आले तेव्हा. माझ्या चित्राला दुसऱ्याचा ब्रश लागला आणि मला साधा फोन नाही. हे फोटो मोठ्या बाबांनीही पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी ते तलावावर गेले नाहीत. नंतरही नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, जेवण नाही, बोलणं नाही. चंद्रपूरला दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. ठीक काय ठीक! माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. मोठी आई रडून रडून म्हणायची, “काऊन काढलं वो त्याईचं चित्र?” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी साहेबांकडे गेली. मी, जी कोणापुढे वाकत नाही, ती हात जोडून उभी राहिली. म्हटलं, “साहेब, मीही मानत नाही. पण तो म्हातारा मानते. मरून जाईन तो! एक पान काढू द्या.”

“तुम्ही शिकलेल्या आहात ना?” साहेब म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले. शिकलेल्या माणसाला मोठे बाबा नसतात का हो?

त्यानंतरची सकाळ. मी गावात, मोठ्या बाबांच्या खाटेजवळ चहा घेऊन बसली होती. ते अचानक उठून बसले आणि मोठ्या आईला म्हणाले, “भात असन तं वाढ. भूक लागली.” मी विचारलं, “कसं वाटते मोठे बाबा?”

“लागलं पान,” ते म्हणाले. एवढंच. आणि जेवले, पोटभर जेवले.

ते हात धुवत होते तेव्हाच माझा फोन वाजला. साहेब. “मॅडम, हा काय फाजीलपणा आहे? आत शिरून रंगवलंत ना शेवटी?”

मी तशीच निघाली. दारावरचा गार्ड ओळखीचा, त्यानं आत नेलं. पान होतं... पण माझं नव्हतं. मी एकच पान काढलं होतं, खालच्या कोपऱ्यात. हे मधोमध होतं, मोठ्या बाबांच्या हाताजवळ, आणि एका देठाला तीन पानं.

“पळसाले पानं तीनच राह्यते ना बाई,” गार्ड हळूच म्हणाला. “पन रातच्याले इथी कोनीच नोयतं आलं.”

मी बोट फिरवलं. ताजा रंग हाताला लागतो, वास येतो, मी उभी हयात यातच काढली आहे. हा वाळलेला होता. बाकी चित्रावर बसली होती तशीच बारीक धूळ त्या पानांवरही होती. नखानं कडेला खरडलं, तर खाली जाळ्याच्या रेघा नाहीत, सरळ भिंतीचं पांढरं अस्तर. म्हणजे जणू पान पहिल्यापासून तिथंच होतं आणि जाळं त्याच्याभोवती काढलं होतं. कॅमेऱ्यातही कोणी दिसत नाही – एका वेळी भिंत बिनपानाची, पुढे पाहावं तर पान आहे.

आता साहेबांनी काय करायला पाहिजे होतं? निदान गप्प बसायचं. नाही! मला म्हणाले, लेखी माफी द्या. कशाची माफी? जे मी केलं नाही त्याची? मी गावात होती, मोठी आई साक्षीला आहे. मी म्हटलं, “साहेब, मला करायचं होतं, हे कबूल. पण मी केलं नाही. आणि तुमच्या कॅमेऱ्यावर तुमचाच विश्वास नसेल तर मी काय करू?”

माफी दिली नाही, देणारही नाही. मग त्यांनी राग भिंतीवर काढला. पान तर पान, पूर्ण जाळंच पुसून टाकलं. मोकळ्या जागेत निळा रंग मारला.

पुढच्या खेपेला गावात गेली तेव्हा मोठे बाबा तलावावरून येत होते, टोपलीत झिंगे. तब्येत ठणठणीत. मी घाबरत घाबरतच सांगितलं की चित्रातलं जाळं आता काढलं. मला वाटलं, सुटलो म्हणतील. ते थांबले.

“जाळं काढलं? मंग मी तिथी काय करून राह्यलो?”

“उभे आहात, मोठे बाबा.”

“हात?”

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, “हात पसरलेलेच आहेत.”

त्यांनी टोपली खाली ठेवली. “येनारे-जानारे सारे पाह्यत असन ना वो पोरी... उभ्या जन्मात म्या कोनापुढं हात पसरला नाई.”

ते पान कुठून आलं, याचं उत्तर माझ्याजवळ आजही नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाजवळ असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. पण विमानतळाच्या भिंतीवर माझ्या मोठ्या बाबांना भिकारी कोणी केलं, ते मला माहीत आहे. त्यात भुताटकीचं काहीच नाही.