सरकारी रस्त्याला माझी कोयरी

चहा घ्या आधी, थंड झाला तर मला बोल लावाल. हसायचं असेल तर हसाही, पण हा किस्सा हसण्याचा आहे की नाही, ते मला अजून समजलं नाही. एवढं मात्र खरं, की या जबलपूरच्या भर रस्त्यावर सरकारी खर्चानं माझी रांगोळी दगडात बसवली होती, अन् तिच्यापायी आमच्या ह्यांचा पाय मोडला.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. तोफांची फॅक्टरी रात्रंदिवस धडधडून राहिली होती. आमचे हे तिथे लेथवर. भोंगा वाजला की फाटक उघडायचं अन् सायकलींचा पूर सुटायचा, हँडलला हँडल घासत. त्याच रस्त्यावर मिलिटरीचे ट्रक, त्याच रस्त्यावर बैलगाड्या, अन् शहराची बस कंडक्टरला शिंक आली तिथे थांबायची. मग पायी चालणाऱ्यानं चालायचं कुठे? नालीत. त्यात ब्लॅकआउट. ट्रकच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासलेला. ड्रायव्हरला माणूस दिसायचा तो चाकाखाली आल्यावर.

आमच्या अंगणाच्या टोकाला निंबाचं झाड होतं. शेजारचे मिश्राजी तिथेच गेले. घर समोर दिसून राहिलं होतं, सायकलला मेथीची थैली टांगलेली. ट्रकवाला खाली उतरला अन् लेकरासारखा रडला, ‘माताजी, दिखे ही नहीं.’ सीमा पाहिली नाही, बंदूक धरली नाही, अन् माणूस लढाईत मेला.

त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला, मिश्राइनला, फॅक्टरीत घेतलं. घुंघट घेतल्याशिवाय नळावर न येणारी बाई, आता भोंग्याबरोबर पायी जायची अन् यायची. निंबापाशी आली की मान खाली. एकदा मला म्हणाली, ‘दीदी, रोज उन्हीं के ऊपर से चलकर जाती हूँ.’

मग कामगार रस्त्यावर बसले. ट्रक अडले तेव्हा कुठे सरकारला जाग आली. एक ओव्हरसियर बाबू फीत घेऊन आला. मधून ट्रक अन् बस, बाजूला दगडांची कड, अन् कडेच्या आत सायकलींना अन् पायी चालणाऱ्यांना वेगळी पट्टी. मिश्राजी गेले त्या जागी तर पट्टी निंबाच्या मागून न्यायची, म्हणजे कोणालाच तिथे रस्त्यावर उतरावं लागणार नाही. पण त्यासाठी आमचं अर्धं अंगण जाणार होतं.

बाबू दबकत दबकत विचारायला आला. त्याला वाटलं, बाई आता झाडू घेऊन मागे लागते. मी म्हटलं, ‘ले लो. आंगन का क्या अचार डालूँगी?’ मोहल्ल्यात माझी काय वाहवा झाली म्हणता. संध्याकाळी त्यानं माझ्या अंगणातून चुन्याची ओळ ओढली, मजुरांच्या मेटला, म्हणजे मुकादमाला, सांगितलं की लाइनवर दगड बसवत जा, अन् तिलवाऱ्याकडे दुसरं काम होतं तिकडे निघून गेला.

आता ऐका माझा पराक्रम.

पहाटे उठली. दिवा लावायची सोय नाही, खिडकीतून उजेड दिसला की वॉर्डन ओरडायचा. अंधारातच बादलीत शेण कालवलं, सडा टाकला, अंगण खराट्यानं झाडलं, अन् बोटाच्या अंदाजानं रांगोळी काढली. जन्माची सवय ती, तिला डोळे लागत नाहीत.

फटफटलं तेव्हा पाहते तर काय, नळापर्यंत चुन्याची ओळ, पलीकडे मिश्राइनच्या फाटकापासून पुन्हा ओळ, अन् मधे माझं अंगण शेणानं सारवल्यासारखं स्वच्छ, त्यात कमळ.

लढाईच्या दिवसांत सरकारी ओळ पुसली म्हणजे काय होते, कोणाला माहीत? म्हटलं, घाबरायचं काहून? आपली आठवण पक्की आहे. कोणाच्या लग्नात कोणी कोणतं लुगडं नेसलं होतं ते आपण सांगतो, मग ही तर कालची गोष्ट. रांगोळी घेतली अन् वाकली. नळापासून निघाली, निंबाच्या पुढून नेली, मिश्राइनच्या फाटकाला जोडली. मधे रांगोळी संपली तर रेशनच्या तांदळाचं पीठ घातलं.

हे दात घासत बाहेर आले.

‘काय करून राहिली?’

‘दिसत नाही का, रांगोळी.’

‘एवढी लांब?’

‘सण आहे आज.’

‘कोणता?’

‘बायकांचा आहे. तुम्ही आपली सायकल पुसा.’

गेले बिचारे. अन् या बोलण्याच्या नादात, निंबापाशी ओळ वळली तिथे हातानं आपोआप एक कोयरी काढली. नुसती ओळ ओढून थांबणं या हाताला कधी जमलंच नाही.

मेट आला. डोकं खाजवत उभा राहिला. ‘माताजी, यहाँ लाइन घूम गई है.’

मी म्हटलं, ‘बाबू ने खुद डाली है. तुम उनसे ज़्यादा पढ़े हो क्या?’

‘और ये आम जैसा क्या है?’

‘वो भी सरकारी है.’

आज्ञाधारक माणूस. त्यानं कोयरीसकट दगड बसवले.

दोन-चार दिवसांत पट्टी आमच्या घरापर्यंत झाली अन् लोक तिच्यावरून यायलाही लागले. पहिल्याच संध्याकाळी, अंधार पडता पडता, मिश्राइन पायी आली. कडेच्या आतून, मान वर करून. मी दारातच उभी होती, कौतुक पाहायला. निंबापाशी आली अन् थांबली. तिथे पट्टी अरुंद होत होत झाडाच्या बुंध्यात संपली होती. पुढं जायचं तर रस्त्यावर उतरावं लागत होतं. त्याच जागी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाजही चढवला नाही. ‘दीदी, पूरा रास्ता बचा लिया. बस यहीं फिर उतार दिया.’

तेव्हा मला ओळ आठवली. झाडाच्या मागची.

मी सब्बल घेऊन धावली. कोयरीचे दोन दगड उखडते न उखडते तोच दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला अन् सायकली आल्या. मी हात पसरून उभी राहिली, ‘उतरो भैया, उतरो, आगे रास्ता नहीं है.’ एकेक जण उतरला. हिंदीवाले उतरले, बंगाली उतरले, मद्रासी उतरले. सगळ्या फॅक्टरीनं माझं ऐकलं. एक माणूस तेवढा उतरला नाही. माझा आवाज कानात न घेण्याची त्याला लग्नापासूनची सवय.

चाक उखडलेल्या दगडावर चढलं. सायकल तिकडे ट्रकखाली गेली, हे इकडे कोयरीच्या पोटात पडले. सायकलचा जो आवाज झाला, तो आजही पापड मोडला तरी मला ऐकू येते. मिश्राइन त्या झाडाखाली बसली, ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं, अन् म्हणत राहिली, ‘भैया, आँखें मत मूँदना. आप मत मूँदना.’

वाचले. पाय नडगीपाशी मोडला.

ओव्हरसियर बाबू परत आला, त्यानं दगडाची कोयरी फितीनं मोजली. मग मेटला विचारलं, ‘ये बेल-बूटा किसके ऑर्डर से?’ मेटनं माझ्याकडे बोट दाखवलं. बाबूनं निंबाच्या मागून नवी ओळ ओढली अन् ह्यांच्या खाटेपाशी येऊन हात जोडले, ‘भाई साहब, पत्थर बैठने तक इस लाइन को भाभीजी से बचाइए.’ ह्यांनी सड्याची बादली खाटेच्या पायथ्याशी घेतली अन् तिच्यावर प्लॅस्टरचा पाय ठेवून झोपले.

पट्टी झाली. मिश्राइन निवृत्त होईपर्यंत झाडाच्या मागून गेली, आमच्या अर्ध्या अंगणातून. जाताना माझ्या दाराची कडी वाजवायची.

पाय प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा हे त्या ओळीबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, ‘खरं सांग, तुला ओळ चुकीची आठवली, की अंगण बरोबर आठवलं?’

लढाई संपली. ह्यांचा पाय जुळला तो लंगडाच. अन् मी अजून उत्तर शोधून राहिली आहे. मिश्राजींच्या थैलीतली मेथी मला आठवते, तिला मुळं होती हेही आठवते. म्हणून नातवंडं कौतुकानं म्हणतात, ‘आजीला काहीही विचारा.’

विचारा ना. फक्त रस्ता विचारू नका.