दाखवायला एक चेहरा

सारिका गेल्याचं डेअरीच्या ऑफिसातच कळलं. डेंग्यूचा ताप आहे, म्हणून ती कामावर येत नाही, एवढंच माहीत होतं. पॅकिंगमधल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी उठून बाथरूममध्ये गेले. रडायला नव्हे. रडलं तर चेहऱ्यावरचं काय होईल, हे आधी मनात आलं म्हणून.

माझ्या डाव्या गालावर कोड आहे, ओठापासून कानापर्यंत. ऑफिसात कुणाला ठाऊक नाही असं मी धरून चालले होते. बारामती एमआयडीसीत मी हिशेबाच्या टेबलावर, सारिका दुधाच्या पिशव्यांच्या मशीनवर. एकदा गेटपाशी स्कूटी लावताना ती हळूच म्हणाली, "ताई, पावडर घासून लावता तुमी, म्हणून घामानं सुटती. टेकवायची असती." मी रागानं बघितलं, तर हसली. "कुणाला सांगनार न्हाय. पन एकदा मला करू द्या की."

मेकअप ती मोबाइलवर बघून शिकली होती. क्लास नाही, कुणा पार्लरवालीच्या हाताखाली काम नाही. शाळेच्या गॅदरिंगला गल्लीतल्या पोरी नटवल्या, तेवढंच. लग्नाचं काम मागायला गेली की जो तो म्हणे, आधी नटवलेल्या नवऱ्या दाखव. त्या कुठून दाखवणार? पॅकिंगमधल्या बायका टोचत, "पिशव्या भरनारी आता नवऱ्या नटवनार व्हय?" ती म्हणे, "माझी पिशवी कधी गळती का? मग नवरीबी गळायची न्हाय!"

माझ्या मुलीचा साखरपुडा इंदापूरला ठरला तेव्हा मीच तिला बोलावलं. मुलीच्या सासरच्यांना कोडाचं सांगितलं नव्हतं. आईला आहे म्हटल्यावर मुलीकडे लोक कसे बघतात, ते मला माहीत आहे. सारिकानं हाताच्या पाठीवर रंग कालवले, बोटानं टिपत टिपत बसवले. आरशात मी कितीतरी वर्षांनी माझा अख्खा चेहरा बघितला. तिनं आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो काढले होते. शेजारी शेजारी लावून दाखवत म्हणाली, "ताई, हे एक स्टेटसला टाकलं ना, नवऱ्यांची लाइन लागंल बघा."

"पूस ते."

"डोळं झाकून टाकते की..."

"सारिका, पूस."

तिनं माझ्यासमोर दोन्ही फोटो पुसले. "पुसलं बघा. आता तरी हसा, विहीणबाई वाट बघत असतील."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पुढं विहीणबाईंच्या जावेच्या मुलीचं लग्न निघालं, आणि माझ्या मुलीनंच सारिकाचं नाव सुचवलं. दाखवायला फोटो नव्हता, म्हणून सारिका त्यांना म्हणाली, ताईंना विचारा, त्यांनी माझं काम बघितलंय. कोडाविषयी अवाक्षर नाही. त्या जाऊबाईंचा मला फोन आला. "हात चांगला आहे तिचा," एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी विचारलं, "कुणाचा मेकअप केलाय तिनं?" आणि मी घाबरले. म्हटलं, "अजून शिकतेय ती. नवरीसाठी नको." तेव्हाही माझ्या गालावर तिनंच शिकवल्यासारखा टिपलेला रंग होता. दुसऱ्या दिवशी सारिका टेबलापाशी आली. "त्यांनी दुसरी बघितली म्हनं," एवढंच म्हणाली, आणि माझ्या कानापाशी सुटलेला रंग बोटानं टिपून नीट केला.

तेराव्यानंतर मी तिच्या घरी गेले. तिची आई मला मागच्या खोलीत घेऊन गेली. आरशाभोवती बल्ब, समोर उंच खुर्ची, अजून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. "पैल्या नवरीसाठी घेतली व्हती. कुनी बसलंच न्हाय." मग माझा हात धरून म्हणाली, "खरं सांगा बाई, तिला येत व्हतं का वो? का उगंच येडी झाली व्हती?"

मी मोरीत जाऊन साबणानं तोंड धुतलं आणि तशीच तिच्यासमोर उभी राहिले. तिनं जवळ येऊन गालाकडे बघितलं.

"हे तिनं झाकलं व्हतं?"

"हो आई. साखरपुड्याला तिनंच झाकलं, मग मला शिकवलं. मीच कुणाला कळू दिलं नाही. आलेलं काम मीच घालवलं तिचं."

ती रागावेल, हाकलेल असं वाटलं. तिनं अंगठा माझ्या गालावरून फिरवला. "तुमी आलात तवा दिसलंबी न्हाय की वो हे... मंजी येत व्हतं पोरीला." मग तिनं खुर्चीवरचा कागद ओढून काढला. "बसा."

मी बसले. तिनं सगळे बल्ब लावले. त्या उजेडात तोंड कुठं फिरवावं ते मला कळेना. ती मागं उभी राहून आरशात माझ्याकडे बघत होती, सावकाश, नवरीकडे बघावं तसं.