आधीचा फोटो

माझ्या मित्राला सगळे वायसर म्हणतात. मदतसंस्थेने आमच्या भागात अकरा हापसे बसवले. ते चालू ठेवणं हे त्याचं काम. दहावीला दोनदा आपटला, पण दांड्याच्या आवाजावरून आत काय झिजलंय ते अचूक सांगतो.

दवाखान्यातला हापसा बंद पडला; आतलं वायसर झिजलेलं. तिथे त्याची ताई नर्स आहे. पाणी नसलं की बाळंतिणीची खोली बंद, आणि बाईला चाळीस किलोमीटर पुढे पाठवायचं.

सुटा भाग संस्थेच्या गोदामातूनच यायला हवा, असा नियम. अर्ज मी लिहिला. साहित्याची पदवी तेवढ्यापुरती कामाला आली. सात आठवडे उत्तर नाही.

"तुझ्या साहेबांना सांग," ताई वायसरला म्हणाली, "कळा मंजुरीसाठी थांबत नाहीत."

वायसर माझ्या घरी आला. माझी कॉलेजची चामड्याची बॅग त्याने उलटसुलट करून पाहिली.

"हिचं आता तुला काय काम? नोकरी तर लागत नाही."

बॅगेच्या झाकणातून त्याने गोल वायसर कापलं, तेलात भिजवलं, बसवलं. पाणी आलं.

तीन दिवसांनी संस्थेचे साहेब आले. गोड माणूस. स्वतः हापसून ओंजळभर प्यायले. वायसरला शेजारी हसत उभं करून फोटो काढला.

"हा नंतरचा झाला. आधीचा कुठंय?"

"तेव्हा पाणीच नव्हतं, साहेब. फोटो कसला काढू?"

"बिघाड दिसला नाही तर दुरुस्ती कशी दाखवायची? शिवाय चामडं आपल्या यादीत नाही. ते काढा, कोरडा फोटो घेऊ. मंजूर वायसर पुढच्या आठवड्यात येईल."

त्याने काढलं. साहेबांनी ते पाकिटात घालून नेलं. मी तिथेच उभा होतो.

महिनाभर काही आलं नाही. ताईने तीन बायका पुढे पाठवल्या. तिसरीचं बाळ टेम्पोतच झालं आणि टेम्पोतच गेलं.

आम्ही शहरातल्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे फिरवला.

"फाइल बंद झालीये. आधी कोरडा, नंतर पाणी. दुरुस्ती पूर्ण. हे बघा, तुम्हीच हसताय."

"उलटं लावलंय, बाई. पाण्याचा फोटो आधी काढला. कोरडा नंतर."

"वेळेचा रकाना नाही यात. आणि चालू हापशाला सुटा भाग देता येत नाही."

परतल्यावर माझ्या दारात वायसरने नुसता हात पुढे केला. मी बॅग दिली.

या वेळी बॅगेचा तळ कापला. पाणी आल्यावर त्याने पान्याने हापशावरची संस्थेची पाटी उतरवली आणि गटारावर पालथी टाकली.

"नोकरी जाईल," ताई म्हणाली.

"जाऊ दे. तू बादली लाव."

गेलीच. पत्र मीच वाचून दाखवलं. कारण एका ओळीत होतं: चालू हापशाशी छेडछाड.